शर्यतीची गाडी वेगळी हवी, आणि साधी हवी

खान्देशातल्या ज्या तरुणांना मोटार शर्यतीचं वेड आहे, त्यांच्यापुढे आज एकच वाट दिसते. घरची स्विफ्ट किंवा पोलो घ्यायची, सायलेन्सर बदलायचा, स्प्रिंगा आखूड करून गाडी खाली आणायची, इंजिनच्या कॉम्प्युटरचं मॅपिंग करून घ्यायचं आणि नाशिक-पुण्याकडे कुठे ऑटोक्रॉस, म्हणजे मैदानावरची घड्याळाविरुद्धची शर्यत, निघाला की तीच गाडी चालवत तिथवर न्यायची. दिवसभर तिला पिळून काढायची आणि संध्याकाळी त्याच गाडीनं महामार्ग धरून परत यायचं. दुसऱ्या दिवशी तीच गाडी मुलांना शाळेत सोडायला जाते. माझं म्हणणं असं की ही वाट चुकीची आहे. ती खिशाला परवडत नाही, कायद्यात बसत नाही, आणि ज्याला खरोखर गाडी चालवायला शिकायचं आहे त्याला फारसं शिकवतही नाही. हौशी शर्यतीसाठी जळगाव-धुळ्यानं मुद्दाम शर्यतीसाठीच बांधलेल्या, पण अगदी साध्या गाडीकडे वळायला हवं. नळीच्या चौकटीची, एका माणसाची, सर्वसामान्य मारुतीचं इंजिन असलेली आणि जिचा प्रत्येक नटबोल्ट आपल्याच गावातल्या मिस्त्रीच्या पान्याला लागतो अशी गाडी.

हौशी शर्यतीचा खर्च मोजताना आपण गाडीची किंमत मोजतो. खेळ सोडायला लावणारा खर्च मात्र देखभालीचा असतो, आणि तो वजनातून येतो. आजची साधारण पेट्रोल हॅचबॅक हजार किलोच्या आसपास भरते. त्यात पाच माणसांच्या सीटा, काचा, एसी, दारं, आवाज दाबणारे थर, सगळं आलं. ताशी १०० किलोमीटर वेगानं जाणारी हजार किलोची गाडी थांबवायची तर ब्रेकला जेवढी ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, तिच्या बरोबर निम्मी ५०० किलोच्या गाडीला लागते. रस्त्यावर असा कडक ब्रेक आपण क्वचित मारतो. शर्यतीत तो दर वळणाला, दर फेरीला मारावा लागतो. त्यामुळे रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकणारे पॅड इथे बघता बघता जळतात, डिस्क वाकते, ब्रेक ऑइल उकळून पेडल खाली जातं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणं, ओढणं आणि थांबवणं हा तिन्हीचा भार पुढच्या दोन टायरवर पडतो, म्हणून ते मागच्यांच्या कितीतरी आधी झिजतात. लांब, वेगवान वळणावर चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं, पंपाला क्षणभर हवा मिळते आणि बेअरिंग कोरडं फिरतं. हे चार-दोनदा झालं की इंजिन दुरुस्तीला येतं. मग हेड काढा, क्रँक घासा, बेअरिंग बदला. त्यात आपल्याकडचं ऊन. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, मार्च उजाडला की दुपारी इंजिन थंड ठेवणं हीच वेगळी लढाई होते. हॅचबॅकच्या बॉनेटखाली बोट घालायला जागा नसते. एक क्लच प्लेट बदलायची तर निम्मी गाडी उकलावी लागते, मजुरी त्या हिशेबानं लागते आणि गाडी आठवडाभर गॅरेजात पडून राहते, म्हणजे घरचं काम अडतं.

हलकी, उघडी गाडी हे सगळं गणित एकदम बदलते. वजन निम्मं झालं की ब्रेक, टायर, बेअरिंग, हब, शॉकअप यांच्यावरचा भार त्याच बेतानं उतरतो. लहान इंजिनही पुरतं, कारण ओढायला फार काही नसतं. रेडिएटरला थेट वारा मिळतो. इंजिन चालकाच्या मागे उघड्यावर बसवलेलं असतं, त्यामुळे गळती दिसते, सैल झालेला बोल्ट दिसतो, चिरलेला वेल्ड दिसतो. दोष वेळेत दिसणं हीच स्वस्त देखभाल. शर्यतीच्या गाडीला देखभाल लागणारच, ती शून्यावर येईल असं कोणी समजू नये. ती एका माणसाला, घरच्या अंगणात, संध्याकाळच्या दोन तासांत जमण्याएवढी झाली की पगारदार तरुण किंवा शेतकऱ्याचा मुलगा या खेळात टिकतो.

आपल्या मातीतल्या शर्यतवाल्यांना ही गोष्ट कुणी शिकवावी लागली नाही. बैलगाडा शर्यतीतला छकडा पाहा: त्याला ना साठा असतो ना ओझं, चाकं, जू आणि हाकणाऱ्याला उभं राहण्यापुरती जागा. कापसाची गाडी रिकामी करून कोणी शर्यतीला जुंपत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण ओझ्याची गाडीच पळवतो आणि ती लवकर मोडली की खेळाला महाग म्हणतो.

जगात हौशी शर्यत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती ज्या ज्या वेळी, त्यातल्या बऱ्याच वेळी हाच मार्ग निघाला. अमेरिकेत १९६३ साली फॉर्म्युला व्ही हा वर्ग मान्य झाला. फोक्सवॅगन बीटलचं १२०० सीसी इंजिन, तिचाच गिअरबॉक्स, तिचाच पुढचा अॅक्सल, आणि त्यांच्याभोवती नळ्यांची हलकी चौकट. इंग्लंडमधली गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिथल्या शर्यत शिकवणाऱ्या एका शाळेला शर्यतीची खास इंजिनं आणि खास टायर परवडेनात. मग त्यांनी फोर्ड कॉर्टिनाचं साधं रस्त्यावरचं इंजिन आणि रस्त्यावरचेच टायर शर्यतीच्या चौकटीला लावले. त्यातून १९६७ साली ब्रँड्स हॅचवर फॉर्म्युला फोर्डची पहिली शर्यत झाली. गाडीची किंमत हजार पौंडांखाली ठेवायची ही अट तिच्या जन्मापासून होती. पुढे एमर्सन फिट्टीपाल्डी, जेम्स हंट, आयर्टन सेना असे विश्वविजेते याच स्वस्त गाड्यांतून घडले. पैशानं वेग विकत घेता येत नव्हता, म्हणून हात आणि डोळा तयार झाला. देखभालीच्या बिलाला कंटाळलेल्या एका शाळेनं काढलेली तोड पुढे जगभरच्या शर्यतीची पहिली पायरी ठरली.

आपल्या देशातही हे घडलेलं आहे, आणि खान्देशातल्यासारख्याच कारखानदारी गावात. कोइम्बतूरच्या गिरणीमालक घराण्यातले एस. करिवर्धन हे स्वतः शर्यतपटू आणि गाड्या बांधणारे. त्या काळी मद्रासजवळच्या शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. तिथे येणाऱ्या बऱ्याच गाड्या म्हणजे वाढवलेल्या, तासलेल्या रस्त्यावरच्या मोटारी, आणि परदेशातून आणलेली शर्यतीची गाडी फक्त श्रीमंताला परवडे. करिवर्धन यांनी १९८८ साली फॉर्म्युला मारुती आणली: एका माणसाची चौकट आणि तिच्यात मारुती ८००चं ७९६ सीसी इंजिन. ज्याचे सुटे भाग देशात सहज मिळत असं तेव्हाचं ते नवं इंजिन. सगळ्यांची गाडी सारखी, सगळ्यांचं इंजिन सारखं. १९९०पासून श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टाई ट्रॅकवर या गाड्या पळू लागल्या. नारायण कार्तिकेयन, जो पुढे २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला, त्यानं पहिली पावलं टाकली ती याच फॉर्म्युला मारुतीत. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाचा करी मोटर स्पीडवे २००३ साली कोइम्बतूरला उभा राहिला, आणि पुढे एस्टीमच्या १३०० सीसी इंजिनावरचा फॉर्म्युला एलजीबी हा वर्ग त्याच विचारानं वाढला. कोइम्बतूर हे काही महानगर नव्हतं. तिथे गिरण्या होत्या, पंप बनवणारे होते, ओतकाम आणि लेथवाले होते, आणि एक माणूस होता ज्याला कळलं की इथल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येईल तीच गाडी इथे टिकेल.

महाराष्ट्रात कोल्हापूरनं याच दिशेनं थोडी वाट चालली आहे. ओतकाम आणि यंत्रकामाच्या त्या शहरात मोहिते यांच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आणि तिथली मुलं देशपातळीवर गेली. कार्ट ही तर शर्यतीसाठीच बांधलेल्या साध्या गाडीची सर्वांत शुद्ध आवृत्ती. स्प्रिंग नाही, दार नाही, फार थोडे भाग. पुण्याजवळ चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगननं २०१०पासून चालवलेल्या पोलो कपनं वेगळी वाट घेतली. गाड्या कंपनीच्याच ताब्यात, देखभाल कंपनीची, चालकानं पैसे भरायचे, यायचं, चालवायचं आणि जायचं. त्यात समानता होती आणि त्यातून चांगले चालक निघाले, हे मान्य. पण पाने हातात घेणारी माणसं त्यातून तयार होत नाहीत, आणि कंपनीनं एके दिवशी हात काढून घेतला की मागे काही उरत नाही. खान्देशाला पैसे भरून बसण्याची खुर्ची नको, बांधण्याची आणि दुरुस्त करण्याची कला हवी.

ती कला इथे आहेच, फक्त ती शर्यतीला जुंपलेली नाही. भुसावळला रेल्वेच्या विद्युत इंजिनांचा कारखाना आहे, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. जळगावच्या एमआयडीसीत ठिबक, पाइप आणि चटईचे कारखाने चालतात, डाळ मिल चालतात, आणि या सगळ्यांना लागणारे साचे, शाफ्ट, फ्रेम बनवणारे लेथवाले आणि वेल्डर गल्लोगल्ली आहेत. ट्रॅक्टरची ट्रॉली, पेरणीयंत्र, मळणीयंत्र बांधणारा कारागीर नळीची चौकट बघून घाबरत नाही. त्याला हवा असतो नीट नकाशा आणि कोणत्या दर्जाची नळी वापरायची याचा नियम. इंजिनाची तर चिंताच नको. मारुती ८०० ची निर्मिती २०१४ साली थांबली, पण तेच ७९६ सीसी इंजिन ऑम्नीत २०१९पर्यंत चाललं आणि ऑल्टोत त्याच घराण्यातलं इंजिन २०२३पर्यंत. म्हणजे पुढची कित्येक वर्षं पिस्टन, रिंगा, गॅस्केट, क्लच प्लेट धुळ्याच्या कुठल्याही स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतील, आणि अख्खं इंजिन गिअरबॉक्ससकट भंगारात. हे इंजिन डोळे मिटून बांधणारे मिस्त्री आपल्याकडे आजही कामात आहेत. एकेका मिस्त्रीबरोबर ती माहितीही जाईल, म्हणून ती आत्ताच वापरात आणणं शहाणपणाचं.

नकाशा आणि नियमांची शाळाही जवळच आहे. २००७पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला, म्हणजे धुळ्याहून आग्रा रोडनं सेंधवा ओलांडलं की काही तासांवर, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा सुरू झाली. देशभरातली महाविद्यालयं तिथे स्वतः बांधलेल्या एका माणसाच्या बग्ग्या आणतात. त्या स्पर्धेचा आत्मा तिच्या एका नियमात आहे: इंजिन सगळ्यांना एकच, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० अश्वशक्तीचं, आणि त्याला हात लावायचा नाही. मग जिंकायचं कशावर? हलक्या पण मजबूत चौकटीवर, नीट बसवलेल्या सस्पेन्शनवर, आणि चार तासांच्या खडतर शर्यतीत न मोडण्यावर. चार तास खड्डे, दगड, चिखल, आणि ज्याची बग्गी शेवटपर्यंत चालती राहिली तो वर. देखभाल कमी लागणारी गाडी कशी बांधावी याचं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही. बांभोरीचं एसएसबीटी, जळगावचं शासकीय अभियांत्रिकी, शिरपूरचं आर. सी. पटेल, धुळ्याचं एसएसव्हीपीएस, एवढी अभियांत्रिकी महाविद्यालयं ज्या दोन जिल्ह्यांत आहेत तिथे हे ज्ञान स्पर्धेपुरतं आणि गुणपत्रिकेपुरतं राहू नये. अशी बग्गी स्पर्धा संपली की बहुतेक वेळा वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खाते, आणि ती बांधणारी मुलं नोकरीसाठी पुण्याला निघून जातात.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप असा: घरच्या गाडीनं दोन कामं होतात, वेगळी गाडी म्हणजे दुसरा खर्च, ती ठेवायला जागा, आणि वाहून न्यायला तिसरं वाहन. दोन कामांचा हा हिशेब कागदावर खरा वाटतो, पण तो करताना घरच्या गाडीची झीज आपण शर्यतीच्या खात्यात धरत नाही. विमा तर कोणी धरतच नाही. खासगी मोटारीच्या विम्याच्या अटींमध्ये आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, विश्वसनीयता चाचणी या वापरांना संरक्षण नाही हे स्वच्छ लिहिलेलं असतं. ट्रॅकवर गाडी उलटली तर सात-आठ लाखांची वस्तू एका क्षणात भंगार होते आणि कर्जाचे हप्ते चालूच राहतात. साध्या चौकटीची गाडी उलटली तर वाकलेली नळी कापायची, नवी जोडायची, तपासून घ्यायची. वाहतुकीचं म्हणाल तर हलकी बग्गी बोलेरो पिकअपच्या हौद्यात बसते, आणि पिकअप भाड्यानं मिळत नाही असं गाव खान्देशात नाही. चार-पाच मित्रांनी मिळून एक गाडी केली तर खर्च वाटला जातोच, शिवाय एक जण चालवताना बाकीचे दुरुस्ती शिकतात.

कायद्याची बाजू तर याहून स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे ज्यांना आपण हौशी म्हणतो ते गाडी गॅरेजातून बाहेर काढतात त्याच घडीला गुन्हेगार ठरू शकतात. मुद्दाम शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीला नोंदणीच नसते, ती सार्वजनिक रस्त्यावर एक मीटरही चालवता येत नाही. काही जण हा तोटा समजतात. मला हा तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यातल्या दहापैकी सातांच्या मृत्यूचं कारण अतिवेग असं सरकारी अहवालात नोंदलं आहे. मुंबई-आग्रा महामार्ग धुळे जिल्ह्याच्या आणि सुरत-नागपूर महामार्ग आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या पोटातून जातो, आणि रात्री त्या रस्त्यांवर कोण कशी गाडी पळवतं हे इथल्या लोकांना सांगायला नको. जी गाडी वेगासाठी वाढवली आहे आणि जिला नंबर प्लेट आहे, ती कधीतरी महामार्गावर आजमावली जाणारच. जिला नंबर प्लेटच नाही, तिच्या वेगाला मैदानाचं कुंपण आपोआप पडतं.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा: कंपनीच्या गाडीत एअरबॅग आहेत, एबीएस आहे, अपघातात चुरडून माणसाला वाचवणारी रचना आहे. स्थानिक वेल्डरनं जोडलेल्या नळ्यांवर जीव कसा टाकायचा? हा प्रश्न विचारणाऱ्याला हसण्यावारी नेऊ नये, कारण वाईट बांधलेली गाडी जीव घेते. म्हणूनच नियम आधी आणि गाडी नंतर. बाहाच्या नियमांत पिंजऱ्याच्या मुख्य नळ्यांसाठी किमान ०.१८ टक्के कार्बन असलेलं पोलाद, तिचा व्यास आणि जाडी, वेल्डचा नमुना तोडून दाखवण्याची सक्ती, किमान पाच टोकांचा पट्टा, हात बाहेर न जाण्यासाठी बंधनं, इंजिन बंद करणारी दोन बटणं, हे सगळं बारकाईनं ठरवलेलं आहे. ते उचलून आपल्या वजनाला आणि वेगाला साजेल असं कडक करून घ्यायला कोणाची हरकत असणार? रस्त्यावरच्या हॅचबॅकला पाच टोकांचा पट्टा नसतो, छत उलटण्यासाठी बांधलेलं नसतं, आणि तिची सुरक्षा रस्त्यावरच्या अपघातासाठी आखलेली असते. तिच्यात नीट पिंजरा बसवायचा तर पुन्हा कलम ५२ आडवं येतं. माझ्या मते या एका बाबतीत कुठलीही काटकसर करू नये. इंजिन भंगारातलं चालेल, नळी भंगारातली चालणार नाही. आणि देशातल्या शर्यतींची मान्यताप्राप्त संघटना असलेल्या एफएमएससीआयचा परवाना आणि तिच्या तपासनीसाची सही असल्याशिवाय एकही गाडी रेषेवर उभी राहू नये.

तिसरा धोका आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा उत्साही मंडळींकडून येतो. वर्ग सुरू झाला की दोन वर्षांत कोणीतरी चेन्नईहून खास कॅमशाफ्ट मागवतो, दुसरा परदेशी टायर लावतो, आणि ज्यांना परवडत नाही ते गुपचूप येणं बंद करतात. असं होऊन किती छान वर्ग मेले आहेत. यावर जुने, तपासलेले उपाय आहेत. इंजिनाला सील लावायचं, तोडलं की बाद. सगळ्यांना एकाच कंपनीचे, एकाच मापाचे रस्त्यावरचे टायर. आणि अमेरिकेतल्या छोट्या मातीच्या ट्रॅकवर पूर्वापार चालत आलेला एक नियम मला विशेष आवडतो: शर्यतीनंतर ठरलेल्या किमतीला कोणाही प्रतिस्पर्ध्याला तुमचं इंजिन विकत मागता येतं आणि तुम्हाला ते द्यावंच लागतं. मग पन्नास हजारांचं काम केलेलं इंजिन वीस हजारांत हातचं घालवायला कोण तयार होईल?

जागेचा प्रश्न उरतो. पूर्ण डांबरी सर्किट हा शेकडो एकरांचा आणि कोट्यवधींचा कारभार आहे, खान्देशानं त्याच्या मागे लागूच नये. या साध्या गाड्यांना घड्याळाविरुद्ध चालणारा ऑटोक्रॉस पुरतो, आणि त्याला लागतं काही एकरांचं सपाट, मुरूम टाकून दाबलेलं मैदान, मातीचे बांध, पाण्याचा टँकर आणि दारात रुग्णवाहिका. काळी माती मात्र चालणार नाही. पावसात ती चाकाला धरते आणि उन्हात भेगाळते, म्हणून मुरूम हवाच. धुळ्याजवळच्या गोंदूरची धावपट्टी अनेकांच्या डोळ्यांपुढे येईल, पण तिथे वैमानिक शिकतात, तिचा मोह सोडलेला बरा. धुळ्याजवळ अवधान, नरडाणा, जळगावची एमआयडीसी इथे न वापरलेली सपाट जागा शोधता येईल. परवानगी कशी द्यायची हेही प्रशासनाला नवं नाही. बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटींवर मुभा दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं कायदा वैध ठरवला, तेव्हापासून जिल्हाधिकारी कार्यालयं शर्यतीचे अर्ज, अटी, हमीपत्रं हाताळतातच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९नुसार सार्वजनिक ठिकाणी लेखी परवानगीशिवायची शर्यत हा तीन महिने कैदेपर्यंतचा गुन्हा आहे, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी परवानगीचा सरळ रस्ताही मागायला हवा.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जड आहे. कापसाला भाव नाही, केळीवर रोग, आणि तुम्ही पेट्रोल जाळायच्या खेळाबद्दल बोलता? या प्रश्नाची लाज मला वाटते आणि वाटायलाच हवी. म्हणून या खेळासाठी सरकारी तिजोरीतून एक रुपयाही मागू नये असं माझं मत आहे. पण हा पैसा आजही खर्च होतोच आहे, तो जातो चकाकत्या चाकांवर, फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर आणि मोठ्या गाडीच्या कर्जावर, आणि त्यातला बराच खान्देशाबाहेर जातो. साध्या गाडीवरचा खर्च वेल्डरच्या, लेथवाल्याच्या, टायरवाल्याच्या, मिस्त्रीच्या हातात इथेच राहतो. इंजिन ७९६ सीसीचं, मोसम थोड्या महिन्यांचा. इंधन जळतंच, त्याचं समर्थन मी करत नाही. बाहातच २०१५पासून विजेवरच्या बग्ग्यांचाही वर्ग आहे, आणि चौकट एकदा नीट बांधली की उद्या तिच्यात मोटर आणि बॅटरी बसवणं हे पुढच्या पिढीच्या विद्यार्थ्यांचं काम होईल. सुरुवात मात्र ज्याची दुरुस्ती आज येते त्या इंजिनानंच करावी.

पाऊस ओसरल्यापासून होळीपर्यंत खान्देशात शर्यतीला चांगले चार-पाच महिने मिळतात. एका महाविद्यालयानं आपला वर्कशॉप संध्याकाळी उघडा ठेवावा, दोन-तीन जाणत्या मिस्त्रींना मानानं आणि मानधनानं बोलावावं, बाहाच्या नियमपुस्तकावरून मराठीत चार पानांचे नियम काढावेत आणि सहा गाड्यांची चौकट एकाच जिगवर, म्हणजे साच्यावर, जोडावी. सहा पुरतात. पाऊस संपेपर्यंत चौकटी वेल्ड होऊन तपासल्या गेल्या, तर दिवाळीनंतर मुरुमाच्या मैदानासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना हातात दाखवायला काहीतरी असेल.